वॉर्डातल्या रवळूसाठी

लष्करी इस्पितळ, पुणे
१२ जानेवारी १९४५

प्रिय मित्र परशराम यास बसवंताचा रामराम.

मी इटलीहून परत आलो आहे. दोन महिन्यांमागे बोटीने मुंबईस उतरलो व तेथून या इस्पितळात आलो. काळजीचे काही कारण नाही. जखम किरकोळ होती, ती भरत आली आहे. येथे रत्नागिरीकडचे एक कारकून रोज दुपारी वॉर्डात येतात आणि ज्याला पाहिजे त्याचे पत्र लिहून देतात. त्यांचे अक्षर अतिशय सुंदर आहे, तेव्हा मीही त्यांनाच सांगून लिहवून घेत आहे.

एक काम आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर खानापूरकडचा रवळू नावाचा जवान आहे. शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिक झालेला. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. घरी जाऊन नांगर धरता येणार नाही, म्हणून तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत सगळ्या खात्यांची आणि धंद्यांची माहिती मिळते, असे तू मागे लिहिले होतेस. एका हाताच्या माणसाला कोणते काम मिळू शकेल, ते कृपा करून पाहावे.

दुपारी डोळे मिटले की मी उचगावहून बेळगावच्या शाळेच्या वाटेला लागतो. हिंडलगा मागे पडतो, कॅम्पात शिरताच त्या गोव्याच्या माणसाच्या बेकरीतला वास येतो, आणि पोटात भाकरी असूनही भूक लागते. शाळेच्या फाटकाशी तू उभा असतोस, बाहीला मागावरच्या सुताची खळ लागलेली. तू गणिताची वही पुढे करायचास आणि मी माझ्या फडक्यातली भाकरी. इटलीत थंडीच्या दिवसांत मी हे किती वेळा आठवले असेल, त्याचा हिशेब नाही.

दोघांपैकी तू तरी शिकतो आहेस, याचे फार समाधान वाटते.

तुझा,
बसवंत


वडगाव
२१ जानेवारी १९४५

बसवंता,

पाकिटामागं तुझं नाव आणि आत भलत्याचंच अक्षर! क्षणभर वाटलं, पोस्टमननं कुणा मामलेदाराचं पत्र आमच्या दारात टाकलं. लढाईवर जाऊन साहेब झालास की रं, लेखनिक ठेवलास! आणि भाषा तरी काय, 'अतिशय' आणि 'कृपा करून'. उचगावचा बसवंत कधी 'लई' सोडून बोललाय? पुढचं पत्र तुझ्या हातचं पाठव. तुझं ते उजवीकडं कललेलं, पळत सुटल्यासारखं अक्षर बघून कितीतरी महिने झाले.

तू जिवंत परत आलास, हे आईला सांगितलं तर ती हातातली सुताची कांडी तशीच टाकून देवापुढं साखर ठेवायला गेली. आप्पांनी माग थांबवला. आमच्याकडं माग थांबवणं म्हणजे दिवसाची कमाई सोडणं, ते तुला माहीत आहे.

रवळूचं काम मी अंगावर घेतलं आहे. काल शनिवारी दुपारी लायब्ररीत बसलो होतो. माडीवर जिन्याच्या अंगाला ग्रंथपाल हुद्दार मास्तरांचं एक कपाट आहे. त्यात विद्यापीठांची कॅलेंडरं, सरकारी खात्यांचे अहवाल, तांत्रिक शाळांची माहितीपत्रकं आणि वर्तमानपत्रांतल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती चिकटवलेल्या सहा जाड वह्या. परीक्षेची पुस्तकं मागायला झुंबड उडते, पण परीक्षा झाल्यावर काय, हे विचारायला कुणी येत नाही, म्हणून मास्तर कष्टी असतात. ते मूळचे धारवाडचे. मराठी बोलतात ती कानडी चालीवर, आणि आम्हा सगळ्यांना 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ.

मी विचारलं, "एका हाताच्या माणसाला काय काम मिळेल?"

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "तम्मा, सवाल उलटा विचारलास नव्हे का? हात मोजू नको. त्याला काय काय येतं, ते आधी सांग. मग पुस्तक काढतो."

तेव्हा तू रवळूला विचार. गणित कसं आहे? भाषा किती येतात? कशाचा कंटाळा येत नाही?

कॉलेज बरं चाललं आहे. बी.ए.चा अभ्यास पुष्कळ, डोकं वर काढायला उसंत नाही.

तुझा परशा


लष्करी इस्पितळ, पुणे
४ फेब्रुवारी १९४५

प्रिय परशराम,

कारकुनांना तुझे पत्र वाचून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, आता मीच 'लई' लिहितो. पण त्यांच्या हाताला ते वळण पडत नाही. मी स्वतः लिहिले तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून सध्या असेच चालू दे.

रवळूला विचारले. आधी बोलेना, मग एकेक सांगू लागला. गणित चांगले. मराठी, कानडी येते, हिंदुस्थानी पलटणीत आली, इंग्रजी कामापुरते. उभ्या पिकातून एक फेरी मारली की कुठे कीड लागली, कुठे पाणी कमी पडले, ते सांगतो. दहा मैल चालण्याचा कंटाळा नाही. भाताच्या लावणीची गोष्ट निघाली तेव्हा मात्र खूप बोलला. चिखलात पाय रुतलेले, बायांची गाणी, पुढे सरकत जाणारी हिरवी ओळ. बोलता बोलता एकदम थांबला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

तो म्हणतो, मास्तरकी नको, पोरे बाहीकडे बघत बसतील. म्हणतो, इथेच पुण्यात एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी लागतो आहे, तिथे राहीन. गावी जाणारच नाही. आई वाट बघते, पण या रूपात तिच्यापुढे उभे राहण्यापेक्षा लांब असलेले बरे. मी त्याला काय सांगू?

तुझ्या अभ्यासाविषयी अधिक लिही. वर्गात कोण शिकवतात, काय शिकवतात? ऐकायला बरे वाटते.

तुझा,
बसवंत


वडगाव
१८ फेब्रुवारी १९४५

बसवंता,

हा रवळू तर अगदी तुझा जुळा भाऊ शोभेल! पिकातून फेरी मारून दुखणं ओळखणारा मी एकच माणूस पाहिला होता, आता दुसरा निघाला.

या दोन शनिवारी मी अर्धं कपाट पालथं घातलं. तार खातं पाहिलं, तिथं डॉक्टरची तपासणी कडक. कंपाउंडरला दोन्ही हात लागतात. रेल्वेत लढाईवरून आलेल्यांसाठी काही जागा राखून ठेवणार म्हणतात, पण त्या कधी निघतील ते गॅझेटात अजून नाही. सर्व्हे खात्याचं पत्रक उतरून घेतलं आहे, सोबत जोडलं आहे. ती पुस्तकं बाहेर नेऊ देत नाहीत, म्हणून साडीच्या काठाची नक्षी काढायच्या चौकटीच्या कागदांच्या पाठीवर लिहून आणतो. कागदाची टंचाई तुला माहीतच आहे. हुद्दार मास्तर आता मी जिना चढताना दिसलो की आधीच दोन पुस्तकं काढून ठेवतात.

मात्र पहारेकरीपणाची गोष्ट मला मुळीच पटली नाही. त्याला माझ्या नावानं सांग, बंदुकीपुढं उभा राहिलास आणि आईपुढं उभं राहायला घाबरतोस? हात गेला त्याचं दुःख आहे, पण तोंड लपवणं हा भित्रेपणा आहे. ती बाई रोज मोटारीच्या आवाजाला दाराशी येत असेल. तिनं मुलगा पाठवला होता, हात पाठवला नव्हता. हे असंच्या असं सांग. राग आला तर येऊ दे.

वर्गातलं काय लिहू? इंग्रजीचे प्रोफेसर चांगले आहेत.

तुझा परशा


निपाणी
३ मार्च १९४५

चि. परशरामास बायाक्काचा आशीर्वाद.

लई दिसांनी लिवतिया. सातवीपतोर शिकल्याली हाय, चुका काढू नगंस. बसवंताची थोरली भैन म्हणून तुज्यावर हक्क हाय, तवा लिवतिया.

आमचं हे तंबाखूच्या कामाला पुण्याला गेलतं. बसवंताला भेटून यावं म्हणून इस्पितळात गेलं. परशराम, त्याचा उजवा हात न्हाय रं. कोपरापासनं न्हाय. ह्यांना बघून त्यानं तोंड फिरवलं आन म्हणला, दाजी, आईला सांगू नगा, आक्काला बी सांगू नगा. ह्यांनी मला चार दिस सांगितलं न्हाय. मग जेवताना ह्यांच्या ताटात पानी पडलं डोळ्यांतलं, तवा मी वळखलं.

तुजी पत्रं त्याच्या उशाखाली हायत. ह्यांनी बघितली. कुन्या रवळूची चवकशी तू लिवलीयास म्हनं. तिथं रवळू कोन न्हाय. शेवटचं पत्र आल्यापासनं त्यो कुनाशी बोलत न्हाय. गिरणीच्या फाटकावर ऱ्हातो म्हणतो. उचगावला आई शालूबाई पोराच्या वाटंकडं डोळं लावून बसलीया, आन थोरला नागोजी म्हणतो, बसवंत आला की वरच्या शेताची बांधबंदिस्ती करू.

माज्या सांगण्यानं त्यो येणार न्हाय. तुज्या सांगण्यानं येईल. तुला जमंल तसं कर, पर वंगाळ बोलू नगंस.

बायाक्का


वडगाव
६ मार्च १९४५

बसवंता,

बायाक्काचं पत्र आलं.

मी तुला भित्रा म्हणालो. शब्द परत घेता येत असते, तर पुण्याला चालत येऊन घेतले असते. तुझं अक्षर बदललं, भाषा बदलली, रवळूला तुझ्यासारखीच पिकं कळत होती, आणि मला काही म्हणता काही कळलं नाही. वर थट्टा केली. आईला बायाक्काचं पत्र वाचून दाखवलं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

आता ऐक. मी काल लायब्ररीत गेलो. शनिवार नव्हता, तरी गेलो. हुद्दार मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. दुसऱ्यासाठी इतकं विचारणारा माणूस क्वचित असतो, तम्मा. पण तू दोस्त आहेस, म्हणून तुला दिसलं नाही." मग शेतकी खात्याचा एक अहवाल काढून माझ्यापुढं ठेवला. मी त्याच्यावरून दोनदा गेलो होतो. 'शेतकी' शब्द पाहिला की मला नांगर दिसायचा आणि मी पान उलटायचो.

निपाणीकडं खात्याचं तंबाखूचं प्रयोगाचं शेत आहे. तिथं फील्डमन घेतात. काम असं: वाफ्यावाफ्यातून फिरायचं, पानाची लांबी मोजायची, रोगट झाडं मोजायची, पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी बघायचं, आणि ते सगळं नोंदवहीत चोख लिहायचं. अट: शेतकरी कुटुंबातला, मॅट्रिक, मराठी-कानडी दोन्ही येणारा, चालायला खमका. लढाईवरून आलेल्यास पसंती. हात किती असावेत, याबद्दल एक अक्षर नाही. मास्तरांनी बोट ठेवून मला दोनदा वाचायला लावलं.

सबंध पान उतरून सोबत पाठवतो आहे. एकच अडचण आहे. अर्ज उमेदवारानं स्वतःच्या हातानं लिहिलेला पाहिजे. कोणत्या हातानं, ते म्हटलेलं नाही. जूनपर्यंत मुदत आहे.

रागावला असशील तर शिव्या दे, पण त्याही तुझ्याच हातानं लिहून पाठव.

परशा


पुणे
२ एप्रिल १९४५

परशा

ह्ये डाव्या हाताचं हाय. तीन दिस लागलं. कारकून लई भला माणूस. कागद हालू नये म्हणून धरून बसला.

रवळू न्हाय. शेजारची खाट मोकळी हाय.

तुजा राग आलता. मग गेला.

रोज एक पान गिरवतो. पयलीच्या पोरागत. 'श' आन 'ळ' जमत न्हाय, वाकडंच येतं.

आईला तू सांगू नगंस. मीच जाऊन सांगतो.

बसवंत


निपाणी
१७ जून १९४५

परशा,

आता पान भरतं की नाही बघ. 'श'पण जरा सरळ झालाय.

मी सहा तारखेला उचगावला आलतो. गावाबाहेरच्या वडाखाली उतरून तासभर तिथंच बसलो. रेनकोट अंगावर घेतलेला, बाही दिसू नये म्हणून. शेवटी आमचा नागोजीदादाच बैल घेऊन तिकडनं आला. त्यानं मला बघितलं, रेनकोट बघितला. उन्हात रेनकोट घालणारा माणूस बघून त्याला काय कळायचं ते कळलं. बैलांचा कासरा माझ्या डाव्या हातात दिला आणि माझी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. तसेच घरी गेलो.

आई दारात भात पाखडत होती. मी रेनकोट काढला. तिनं सूप खाली ठेवलं. बाही उचलून बघितली, जिथं संपतंय तिथं हात लावला, आणि विचारलं, "दुखतंय व्हय रं?"

म्हटलं, "न्हाय."

"मग उन्हात कशाला हुबा ऱ्हायलास? आत ये."

सहा महिने मी ज्याला भ्यालो ते एवढंच होतं. मग आत जाऊन ती रडली, मला ऐकू येत होतं. पण ते रडणं मी आल्याचं पण होतं.

आता दुसरं. अकरा तारखेला मी बेळगावला तुझ्या कॉलेजात गेलो. म्हटलं, वर्गाबाहेर उभा राहतो, परशा बाहेर येईल आणि दचकेल. सुट्टी होती म्हणून कचेरीत विचारलं. तिथल्या क्लार्कनं हजेरीचं पुस्तक चाळून सांगितलं, या नावाचा विद्यार्थी गेल्या वर्षीच्या जूनपासून नाही. म्हटलं, चुकलं असेल. माडीवर गेलो. हुद्दार मास्तर होते. त्यांनी माझी बाही बघितली आणि उठून उभे राहिले. म्हणाले, "बसवंत तुम्हीच की." त्यांनी सगळं सांगितलं. आप्पांची नजर गेली, तू इंटर होऊन मागावर बसलास, शनिवारी बाजारात साड्या पोचवून इथं येतोस.

परशा, मी वडगावला आलो नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडापतोर आलतो. तुझ्या मागाचा आवाज ऐकला. मला वळखू येतो तो, दोन ठोक्यांमध्ये तू दम घेतोस. ऐकून परत फिरलो. इस्पितळात मी तुला वर्गातलं लिही म्हणायचो आणि तू मागावरनं उठून मला 'इंग्रजीचे प्रोफेसर चांगले' लिहीत होतास. तुझ्यापुढं काय तोंड घेऊन यावं ते कळंना. म्हणून लिहितोय.

निपाणीत मुलाखत झाली. बायाक्काच्या घरी उतरलोय. साहेबानं तंबाखूची पाच पानं पुढं ठेवली, कशाला काय झालंय सांग म्हणाला. पाचही सांगितली. मग नोंदवहीत एक पान लिहायला लावलं. मी लिहीत होतो तोवर तो खिडकीतनं बाहेर बघत उभा राहिला, घाई केली नाही. एक तारखेपासनं कामावर ये म्हणाला.

तू मला आधी का सांगितलं नाहीस?

बसवंत


वडगाव
२३ जून १९४५

बसवंता,

तू गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलास, हे वाचून मी माग थांबवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो, जसा काही तू अजून तिथं असशील.

तुला नोकरी लागली, हे मी आईला ओरडून सांगितलं. शेजारची इंदुताई सुद्धा धावत आली, तिला वाटलं काय झालं.

का सांगितलं नाही? ऐक. तुझी पलटण निघाली त्या दिवशी तू स्टेशनावर म्हणालास की, दोघांपैकी एकानं तरी शिकायचं. वर्षभरात आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन फसलं. बारीक सूत त्यांना दिसेना. सूत मुळात मिळत नाही, मिळतं त्यात चूक झाली तर साडी वाया. मी इंटरची परीक्षा दिली आणि मागावर बसलो. त्याच आठवड्यात तुझं इटलीहून पत्र आलं: 'तू शिकतोयस म्हणून इथं बरं वाटतं.' आता सांग, मी काय लिहायचं होतं?

एकदा खोटं लिहिलं आणि मग ते चालवावं लागलं. पण एक सांगतो. हुद्दार मास्तरांनी मला जिन्यावरून कधी परत पाठवलं नाही. लायब्ररीत शिरलो की शनिवारचे तीन तास मी खरंच विद्यार्थी असायचो. तुझ्यासाठी पानं उतरताना तर इतका, की कॉलेजात असताना कधी नव्हतो. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, तर मी छाती पुढं करून सांगितलं असतं की अभ्यास चालला आहे.

आता आपण दोघांनी एकमेकांना फसवून झालं. फिट्टंफाट. गणपतीला उचगावला येशील तेव्हा वडगावला आधी ये.

परशा


निपाणी
११ नोव्हेंबर १९४५

परशा,

तंबाखू आता कमरेला लागलीय. सकाळी दव असतंय तेव्हाच मी वाफ्यातनं फिरतो. कामाच्या बाया पयल्या महिन्यात माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. आता "फील्डमन, ह्या झाडाला काय झालंय बघा की" म्हणून हाका मारतात. गेल्या आठवड्यात एका कोपऱ्यात मर रोग दिसला. साहेब म्हणाला, नसेल. मी म्हटलं, आहे. चार दिवसांनी झाडं माना टाकायला लागली, तोवर आम्ही तो कोपरा वेगळा केलता.

गणपतीत तुमच्या घरी आप्पांशी बोललो ते डोक्यात राहिलंय. ते म्हणत होते, "पोरगं मागावर हाय, पण त्याचं ध्यान शनिवारकडं."

रविवारी इथल्या वाचनालयात जातो. आज पेपरात एक जाहिरात बघितली. पेपर घरी नेऊ देत नाहीत. म्हणून तिथंच बसून सगळी उतरून घेतली. सकाळपासनं बसलो, आता ऊन उतरतंय. वाचनालयाचा शिपाई दोनदा येऊन बघून गेला. सोबत कागद हाय, तो वाच:

'बेळगाव शहरातील सार्वजनिक वाचनालयास साहाय्यक ग्रंथपाल पाहिजे. इंटर उत्तीर्ण, मराठी, कानडी व इंग्रजी जाणणारा, पुस्तकांची व वाचकांची आवड असणारा. कामाची वेळ दुपारी तीन ते आठ. अर्ज महिनाअखेर.'

दुपारी तीन ते आठ. सकाळी माग चालू राहतो.

मला काय काय येतं ते तू विचारलंस आणि काम शोधलंस. तुला काय येतं ते मला कुणी सांगायला नको. अर्ज कर. शेवटच्या ओळीत 'ख' लई वाकडा आलाय, तो समजून घे.

बसवंत


वडगाव
१९ डिसेंबर १९४५

बसवंता,

उशीर झाला, कारण निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी कबुली देतो. ती जाहिरात मी पाहिली होती. हुद्दार मास्तरांच्या वहीत ती मीच कात्रीनं कापून चिकटवली. चिकटवताना मनात आलं, चांगली जागा आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ते कुणीतरी मी असेन, असं एकदाही वाटलं नाही. तुझ्या अक्षरात वाचली तेव्हा ती पहिल्यांदा मला उद्देशून लिहिल्यासारखी वाटली.

आप्पांना सांगायला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी जेवताना म्हटलं. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"सकाळी बसशील मागावर?"

"बसेन."

"दुपारी मी बसतो."

"आप्पा, दिसत नाही तुम्हांला."

"चाळीस वर्षं मागावर धोटा फेकलाय. तो कुठनं येतो आन कुठं जातो, ते बघायला डोळे लागत न्हाईत. सूत तुटलं तर तुजी आई हाक मारंल. साधी साडी इणतो, काठ तू सकाळी कर." आणि मग अगदी हळू म्हणाले, "मी तुला कालिजातनं काढलं, ते काय मला दिसत न्हवतं व्हय?"

त्यानंतर आमच्यापैकी कुणी जेवलं नाही. आईनं ताटं झाकून ठेवली.

अर्ज लायब्ररीत बसून लिहिला. त्यात एक रकाना होता: सध्याचा व्यवसाय. मी टाक दौतीत दोनदा बुडवला. तुला, पोस्टमनला, वाटेत भेटणाऱ्या जुन्या मास्तरांना मी वर्षभर 'विद्यार्थी' म्हणून सांगत आलो होतो. हुद्दार मास्तर समोर होते, पण त्यांनी मान वर केली नाही. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विणकर'.

मुलाखतीला पाच जण. अध्यक्ष एक म्हातारे वकील. त्यांनी तोच शब्द मोठ्यानं वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "विणकराला वाचनालयात काय काम?"

मी ठरवलेलं उत्तर विसरलो. तुझीच गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं. म्हटलं, माझा एक मित्र लढाईत हात गमावून आला. त्याला काय काम मिळेल, ते शोधायला मी दीड महिना दर शनिवारी बाजारात साड्या पोचवून एक कपाट चाळलं. मला कळलं की पुस्तक कपाटात असून भागत नाही. कोणत्या माणसाला कोणतं पान दाखवायचं, ते सांगणारा कुणीतरी तिथं बसलेला लागतो. मी एकदा हवं ते पान न वाचताच उलटलं होतं, दुसऱ्यानं ते पुढं ठेवलं, म्हणून ठाऊक आहे.

वकिलांनी विचारलं, "मग? मिळालं का तुमच्या मित्राला काम?"

"मिळालं. निपाणीला सरकारी शेतावर आहे."

"खूश आहे?"

"त्यानं ओळखलेला रोग साहेबाला चार दिवसांनी दिसला."

ते पाचही जण हसले. बाहेर बसायला सांगितलं. थोड्या वेळानं वकील स्वतःच काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "एक जानेवारीपासून या. पण त्या दिवशी मंगळवार आहे, बाजार नसतो, तेव्हा साड्यांची सबब चालणार नाही."

मी पायऱ्या उतरलो. रस्त्यात टांगे चालले होते, कुंद्याच्या मिठाईदुकानाशी गर्दी होती, सगळं नेहमीसारखं. पहिलं काय वाटलं सांगू? असंच चालत सुटावं, कॅम्पातून, हिंडलग्यावरून, तडक उचगावला, आणि तुला शेताच्या बांधावरून हाक मारावी. बेकरीपर्यंत गेलोही. तिथं पोचल्यावर आठवलं, तू आता तिथं नसतोस.

तेव्हा पोस्टात जाऊन हा कागद घेतला.

परशा